डिंकासारखा चिकट गोळा

बाळाच्या दुधाच्या बाटलीचे बोंडूक, इमारतीच्या काचांच्या फटीत भरायचे लुकण, मोटारीचे पॉलिश : या सर्वांत आज सिलिकोन सापडते. परंतु त्याचे नामकरण करणारे फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतील. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. पण माझे वडील घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात साच्यातून सिलिकोन रबराचे वायसर काढतात. त्या वायसरांचा मूळ पुरुष कोण, या कुतूहलाने मी किपिंग यांच्यापर्यंत पोहोचले.

त्यांचा जन्म १८६३ साली मँचेस्टर येथे झाला. काही काळ तेथील गॅस खात्यात नोकरी करून १८८६ मध्ये ते जर्मनीत म्यूनिकला शिकण्यास गेले. तेथे त्यांना धाकटे पर्किन हे मार्गदर्शक भेटले. पुढे दोघांनी मिळून सेंद्रिय रसायनाचे गाजलेले पाठ्यपुस्तक लिहिले, आणि सख्ख्या बहिणींशी विवाह करून ते साडूही झाले!

१८९७ साली किपिंग नॉटिंगहॅमच्या कॉलेजात प्राध्यापक झाले व १९३६ पर्यंत तेथेच राहिले. सिलिकॉन हे वाळूतील मूलद्रव्य. त्याची संयुगे कार्बनच्या कीटोनांसारखी असतील असे वाटून त्यांनी सिलिकोन हा शब्द योजला. ते साम्य खरे ठरले नाही. नाव मात्र टिकले. त्यांना हवे होते शुद्ध स्फटिक. पात्रात मात्र पुष्कळदा डिंकासारखा चिकट गोळा उरे, आणि त्यांना ती ब्याद वाटे. तरीही त्यांनी या विषयावर पन्नासाहून अधिक शोधनिबंध लिहिले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात मात्र, या शाखेत नजीकच्या काळात मोठ्या प्रगतीची आशा नाही, असेच मत त्यांनी मांडले.

पण तो चिकट गोळाच मोलाचा ठरला. अमेरिकेत हाइड यांनी काच कारखान्यासाठी किपिंग यांचेच काम पुढे नेले. १९४० मध्ये रोचो यांनी सोपी रीत शोधली : वाळूपासून मिळवलेल्या सिलिकॉनची पूड तांब्याच्या सान्निध्यात तापवून तिच्यावरून मेथिल क्लोराइड वायू सोडायचा. मिळालेल्या द्रवावर पाण्याची क्रिया केली की सिलिकॉन व ऑक्सिजन यांची एकाआड एक साखळी तयार होते. तिच्यापासून तेल, ग्रीस, रबर बनते. हे रबर २०० अंश सेल्सिअसलाही टिकते. महायुद्धात विमानांसाठी सिलिकोनची गरज भासली आणि १९४३ पासून अमेरिकेत त्याच्या उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली. किपिंग १९४९ साली वारले; आपल्या गोळ्याचे भाग्य उजळलेले त्यांच्या हयातीतच दिसले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बी. ए. करून उपयोग काय, असे नातेवाईक विचारतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही. किपिंग यांच्यापाशीही चाळीस वर्षे ते नव्हते. त्यांनी नोंदी मात्र नीट ठेवल्या होत्या, म्हणून पुढच्यांना त्या कामी आल्या.