आळंदीहून निघाल्यावर नामदेव



आज कार्तिक वद्य त्रयोदशी, माऊलींच्या समाधीचा दिवस. रोज एक ओवी घेऊन लिहितो, पण आज ओवी नाही. पहाटे नामदेवांच्या गाथेतलं समाधीचं प्रकरण उघडलं. गेली दोन वर्षं ते टाळत होतो. इंजिनिअरिंगपासूनचा माझा मित्र, ज्याच्याबरोबर आळंदी ते पुणे हा पालखीचा टप्पा दरवर्षी चालायचो, अचानक गेला, तेव्हापासून. आज वाचताना एकच प्रश्न डोक्यात होता. ज्ञानेश्वर आत गेले, शिळा लागली, सगळे परतले. मग नामदेवांनी पुढे काय केलं?

नामदेव 1270 चे, माऊलींपेक्षा पाच वर्षांनी मोठे. शिंप्याचं घर, वडील दामाशेटी, आई गोणाई. कपडे शिवण्यात लक्ष नाही, सगळा जीव विठ्ठलात. त्याच्याशी ते बोलत, भांडत, आणि आपण देवाचे लाडके आहोत याचा थोडा तोराही होता. तो उतरला गोरोबाकाकांच्या घरी. काकांनी मडकी तपासायची थापटी घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले, आणि हेच मडकं कच्चं असा निकाल लागला. (कोड रिव्ह्यूमध्ये चिडणारा मी, मला ही गोष्ट फार आवडते.) मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी! देव पंढरपुरातच आहे हा हट्ट तिथे सुटला. पुढे माऊलींबरोबर तीर्थयात्रा झाली आणि मैत्री घट्ट झाली.

मग 1296 उजाडलं. शाळेत आपण इतिहास आणि संतचरित्र वेगवेगळ्या तासाला शिकलो, त्यामुळे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं: अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तेही 1296 च. ज्या रामदेवरायाचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या शेवटी आदराने येतो, त्याचीच ही राजधानी. मुलगा सैन्य घेऊन बाहेर होता. किल्ल्यात घाईने नेलेली पोती धान्याची समजून ठेवली, उघडली तर मीठ निघालं, असं सांगतात. रायाने अपार सोनं देऊन तह केला. त्याच वर्षी कार्तिकात, आळंदीत, एकवीस वर्षांच्या ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. जागा झाडायला नामदेवांची मुलं नारा, विठा, गोंदा, महादा होती. (तेव्हा नामदेव स्वतः सव्वीस वर्षांचे. वयाचा हिशेब मी घालत बसत नाही.) त्या प्रकरणात सगळ्यात जास्त रडतात ते नामदेव. ज्ञान झालेला माणूस इतका रडतो, याचा मला आज फार आधार वाटला. पुढच्या वर्षभरात सोपान, मुक्ताई, निवृत्तिनाथ हेही गेले.

बाहेरचं राज्यही तसंच एकेक करून संपत होतं. 1307 च्या सुमारास मलिक काफूर रामदेवरायाला दिल्लीला घेऊन गेला. तो मांडलिक होऊन परतला. 1318 मध्ये त्याचा जावई हरपालदेव मारला गेला आणि यादवांचं नाव पुसलं गेलं. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच देवगिरीला आणली, गावाचं नाव दौलताबाद झालं. फार्सी ही दरबाराची भाषा झाली.

अशा काळात माणूस घर धरून बसेल असं मला वाटलं असतं. नामदेव मात्र उत्तरेकडे चालत गेले, जिकडून फौजा आल्या होत्या तिकडेच. परंपरा सांगते की ते पंजाबात घुमानला राहिले. तिथे आज त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. 2015 चं मराठी साहित्य संमेलन याच घुमानला झालं. तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदं केली. त्यातली 61 पुढे 1604 मध्ये शिखांच्या आदिग्रंथात घेतली गेली. त्यांत बीठल आहे, गोविंद आहे, राम आहे. आणि एका पदात करीम, रहीम हे नव्या दरबाराबरोबर आलेले शब्दही आहेत. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ज्या सत्तेने आपलं राज्य बुडवलं तिच्या भाषेतले शब्द उचलायचे आणि त्यांनीच आपल्या देवाला हाक मारायची. मी तर प्रोजेक्टमध्ये नवी लँग्वेज आली तरी महिनाभर कुरकुर करतो.

पण ते परतही आले. 1338 मध्ये मंगळवेढ्याला कुसू बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेव तिथे गेले. हाडं कोणाची हे कसं ओळखायचं? ते एकेक हाड कानाला लावत, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येई ते बाजूला ठेवत, असं वारकरी सांगतात. ज्या माणसाला देवळात शिरू दिलं नाही, त्याची समाधी नामदेवांनी महाद्वारासमोर बांधली. आळंदीत रडणारा सव्वीस वर्षांचा मुलगा आणि मातीच्या ढिगात बसून हाडं वेचणारा हा म्हातारा माणूस, दोन्ही एकच. पुन्हा एक मित्र गेला होता. या वेळी ते काम करत होते.

1347 मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य उभं राहिलं, म्हणजे आणखी एक नवा राजा. नामदेवांनी आषाढ वद्य त्रयोदशीला, 1350 मध्ये, पंढरपुरात देह ठेवला. जागा निवडली महाद्वाराची पायरी, येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. समोर चोखोबा.

ते प्रकरण आज पूर्ण वाचलं. मित्राच्या आईला फोन केला, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याचे टाळ अजून त्यांच्याकडे आहेत. येत्या रविवारी आणायला जातोय.