कॅरॉलची आई

माझ्याकडे स्पीच थेरपीसाठी मुलाला घेऊन आलेली आई खुर्चीत बसायच्या आधीच विचारते, की हा बोलेल ना. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी या प्रश्नाला माझीच जीभ अडखळते. आणि अशा वेळी मला हमखास पर्ल बक आठवते.

'द गुड अर्थ'ची लेखिका, १९३८ साली साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री. देव आनंदच्या 'गाईड'ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्या पटकथेतही पर्लचा हात होता. पण मला ती जवळची वाटते ती कॅरॉलची आई म्हणून.

पर्ल जन्मली अमेरिकेत, १८९२ साली. वाढली मात्र मिशनरी आईवडिलांबरोबर चीनमध्ये. लग्नानंतरही संसार तिथेच थाटला. १९२० साली कॅरॉल झाली. बाळ देखणं, पण अंगावर इसब. तीन वर्षांची झाली तरी पोर बोलेना. काही मुलं उशिरा बोलतात, म्हणून मैत्रिणी समजूत घालायच्या. (आपल्याकडेही असंच सांगतात. सोबत पाच वर्षांपर्यंत मुका राहिलेला एखादा चुलत सासराही असतोच!)

मग मुलीला घेऊन अमेरिका गाठली, डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. सगळे गोड बोलले, ठोस कुणीच काही सांगेना. शेवटी एका डॉक्टरने तिला एकटीला गाठून स्पष्ट सांगितलं, की ही मुलगी कधीच इतर मुलांसारखी होणार नाही. त्या कठोर माणसाचे उपकार पर्लने जन्मभर मानले.

तरी आईच ती. कॅरॉलला आपणच शिकवायचं तिने ठरवलं. रोज नेमाने वाचन, लेखन, गाणी. लेक चार साधी वाक्यं वाचू लागली, नाव लिहू लागली. एक दिवस अक्षर गिरवून घेताना पर्लने तिचा हात हातात घेतला, तर तळवा घामाने चिंब. दुसराही तसाच. पोरीला त्यातलं काही कळत नव्हतं. केवळ आईला बरं वाटावं म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. पर्लने त्या दिवशी पुस्तकं बंद केली ती कायमची.

१९२९ साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या निवासी शाळेत तिने कॅरॉलला ठेवलं. त्या खर्चासाठी कर्ज काढलं. लेखणीने पैसे मिळवायलाच हवे होते. १९३१ साली 'द गुड अर्थ' आलं. त्यातली वाङ लुंगची न बोलणारी लेक आठवते? ती कुठून आली, हे वाचकांना कळायला बरीच वर्षं लागली. पर्लने मुलीबद्दल जाहीरपणे लिहिलं ते १९५० साली.

कॅरॉलला झालं होतं तरी काय? फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू. प्रथिनांतला फिनाइलअलानीन नावाचा एक घटक अशा बाळांना पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूची हानी करतो. नॉर्वेच्या फॉलिंग यांनी हा आजार शोधला १९३४ साली, तेव्हा कॅरॉल चौदा वर्षांची होती. खास आहाराचा उपाय १९५०च्या दशकात आला, टाचेतल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी त्याच्याही नंतर. आज जन्मानंतर लगेच निदान झालं आणि प्रथिनं मोजून दिली, तर अशी मुलं सगळ्यांबरोबर शाळेत जातात. आपल्याकडे मात्र ही तपासणी अजूनही प्रत्येक बाळाची होत नाही. म्हणून बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

चयापचयाचे असे दुर्मीळ आजार कितीतरी आहेत. काहींत जीभ, ओठ, गळा यांचे स्नायूच ढिले पडतात. मग आधी नीट गिळणं शिकवावं लागतं. घोट श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून बसवायचं कसं, पातळ पदार्थ किती दाट करायचा, हे तपासून ठरवायचं. शब्दांची पाळी त्यानंतर.

पर्ल १९७३ साली गेली. कॅरॉल व्हाइनलँडलाच राहिली, १९९२ पर्यंत. संगीत तिला फार आवडायचं.

परवा चार वर्षांची एक चिमुरडी माझ्यासमोर 'प' म्हणायला झटत होती. आई बाजूला श्वास रोखून बसलेली. मी सहज तिचा हात धरला. ओला लागला. चित्रांची कार्डं बाजूला ठेवली आणि आम्ही तिघी साबणाचे फुगे उडवत बसलो.