न्यायमूर्ती रानडे

मुलांनो, महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. १८७१ साली ते पुण्यात न्यायाधीश झाले.

त्या काळी शेतकरी सावकाराच्या कागदावर न वाचताच निशाणी करी. पुढे फिर्याद होई, कोर्ट एकतर्फी हुकूमनामा देई आणि जमीन जाई. (फिर्याद, हुकूमनामा हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत!) १८७५ साली सुपे येथे लोकांनी सावकारांचे कागद जाळले. १८७९ साली नवा कायदा आला. कोर्टाने कर्जाचा हिशेब मुळापासून तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, असे ठरले.

पण कायदा पाळला जातो की नाही, हे कोण पाहणार? ते काम रानड्यांकडे आले. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून ते कोर्टांची दप्तरे तपासत. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०१ साली त्यांचे निधन झाले.