मिडलटाउनकार रॉबर्ट लिंड

१९२१ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या एल्क बेसिन या तेलक्षेत्रावर एक तरुण धर्मोपदेशक येऊन दाखल झाला. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचा तो विद्यार्थी. स्वतः घाम न गाळणाऱ्याचा उपदेश तेथील कामगार मनावर घेणार नाहीत हे ध्यानी येताच त्याने कुदळ-फावडे हाती धरले. दिवसा मजुरी आणि रात्री प्रवचन असा त्याचा क्रम चालला. परतल्यावर त्या वसाहतीतील हलाखीच्या जीवनावर त्याने जे लेख लिहिले त्यांत रॉकफेलर घराण्याचे हितसंबंध गुंतलेल्या तेलकंपनीवर उघड टीका होती. या तरुणाचे नाव रॉबर्ट स्टॉटन लिंड.

योगायोग असा की, १९२३ साली त्याच रॉकफेलरांच्या पैशावर चालणाऱ्या सामाजिक व धार्मिक संशोधनसंस्थेने एका लहान शहराच्या पाहणीचे काम लिंड यांच्याकडे सोपविले. इंडियाना राज्यातील न्यू ऑल्बनी येथे १८९२ साली जन्मलेल्या लिंड यांनी तोवर प्रिन्स्टनची पदवी, ग्रंथव्यवसायविषयक साप्ताहिकाचे संपादन आणि महायुद्धातील सैनिकी सेवा इतके टप्पे ओलांडले होते. समाजशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्यांना नव्हते. कदाचित म्हणूनच रूढ मळवाट त्यांना अडवू शकली नाही.

जानेवारी १९२४ मध्ये पत्नी हेलन आणि काही सहकाऱ्यांसह लिंड इंडियानातीलच मन्सी या शहरात येऊन राहिले. वस्ती सुमारे ३८ हजार. संस्थेला शहराच्या धार्मिक जीवनाची माहिती हवी होती. लिंड यांना लवकरच उमगले की, देवळातील माणूस समजण्यासाठी आधी कारखान्यातला, स्वयंपाकघरातला आणि शाळेतला माणूस पाहावा लागतो. त्यासाठी त्यांनी मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांची चौकट उसनी घेतली. उपजीविका, गृहजीवन, मुलांचे शिक्षण, फावला वेळ, धर्माचरण आणि सामुदायिक कार्ये असे तिचे सहा भाग. याच रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा जमातीचा अभ्यास केला होता. ‘आदिम’ म्हणून दूर सारलेल्या समाजांना लावण्याची फूटपट्टी लिंड यांनी आपल्याच देशबांधवांना लावली, हे धाडस लहान नव्हे.

१८९० हे तुलनेचे आधारवर्ष धरून त्यांनी पस्तीस वर्षांतील बदल टिपले. हाताने वस्तू घडविणारे आणि माणसांशी व्यवहार करून कमावणारे असे दोन वर्ग त्यांना दिसले. सकाळी उठण्याची वेळ, विवाह, मुलांचे शिक्षण, नोकरी जाण्याची धास्ती, सारे या एका भेदावर बेतलेले होते. चाळिशी ओलांडलेला कामगार यंत्रापुढे निरुपयोगी ठरत होता. त्याच वयात व्यापारी वर्गातला माणूस स्थिरावत होता. घरात न्हाणीचे टब नसलेली कुटुंबे मोटार बाळगून होती आणि प्रसंगी कपड्यालत्त्याला कात्री लावू, पण मोटार सोडणार नाही, असे गृहिणी सांगत होत्या. अर्थशास्त्रातील मागणीच्या वक्रावर न दिसणारी माणसे येथे दिसतात.

हस्तलिखित पाहून संस्थेने ते प्रसिद्ध करण्यास नकार दिला. अखेर १९२९ साली एका व्यापारी प्रकाशकाने ‘मिडलटाउन’ या नावाने पुस्तक काढले व ते हातोहात खपले. याच ग्रंथाबद्दल कोलंबिया विद्यापीठाने १९३१ साली लिंड यांना डॉक्टरेट व प्राध्यापकपद दिले. मात्र पदवीसाठी पुस्तकातील हेलन यांचा वाटा वगळून दाखवावा लागला. कोणते वाक्य कोणाचे हे त्या दांपत्यालाच धड सांगता येत नव्हते! संयुक्त श्रमाच्या एकेरी श्रेयाचा हा प्रकार संशोधनाच्या नावाला शोभणारा नव्हता.

मंदीत लिंड १९३५ साली पुन्हा मन्सीला गेले. बेकारीने लोकांच्या श्रद्धा हादरल्या असतील ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. कष्ट करील तो वर येईल, ही समजूत शाबूत होती. १९३७ च्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी स्वतःचीही एक चूक दुरुस्त केली. पहिल्या पुस्तकात जवळजवळ अदृश्य राहिलेले काचेच्या बरण्या बनविणारे बॉल घराणे आता ‘एक्स कुटुंब’ म्हणून पुढे आले. बँक, इस्पितळ, महाविद्यालय, वृत्तपत्र, जिकडे पाहावे तिकडे त्याचा हात. शहर दोन वर्गांत विभागलेले आहे एवढे सांगून भागत नाही, सत्ता कोणाच्या घरात मुक्कामाला आहे हेही सांगावे लागते, याची ती प्रांजळ कबुलीच होती. ज्ञान नेमके कशासाठी, हा प्रश्न त्यांनी १९३९ च्या पुस्तकातून सहव्यवसायी अभ्यासकांनाही विचारला. तो अनेकांना रुचला नाही.

दुसरी उणीव मात्र तशीच राहिली. वांशिक प्रश्नाने निष्कर्ष गुंतागुंतीचे होऊ नयेत म्हणून लिंड यांनी मन्सीतील कृष्णवर्णीयांना पहिल्या पाहणीच्या बाहेर ठेवले होते. ते शेकडा पाचांहून अधिक होते. सर्वसामान्य अमेरिकन जीवनाच्या व्याख्येत मात्र त्यांना जागा नव्हती. पुढे मन्सीला परतून गेलेल्या संशोधकांनीही बराच काळ हीच वाट धरली. १९६० मध्ये लिंड निवृत्त झाले आणि १९७० साली वारले. त्या वगळलेल्या वस्तीचे जीवन तेथील रहिवाशांच्याच सहभागाने ग्रंथरूपात आले ते २००४ साली, मन्सीतील बॉल स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या हातून. विद्यापीठाला नाव आहे ते त्याच ‘एक्स कुटुंबा’चे.