हजार पत्त्यांची भाषा

शिकलेली भाषा बोलायची कुणाशी, हा प्रश्न माझ्यासारख्या विद्यार्थ्याला रोजचाच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. घरी इंग्रजीत बोलणार तरी कुणाशी? म्हणूनच डॉ. लुडविक झामेनहॉफ यांचे चरित्र मला जिव्हाळ्याचे वाटले. त्यांच्यापुढचा पेच तर अधिकच बिकट होता. त्यांनी घडवलेली भाषा जगात कुणाचीच मातृभाषा नव्हती!

झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारी माणसे शेजारी राहत. पण त्यांची मने दुभंगलेली होती. सर्वांना सारखीच सोपी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली भाषा असावी, हा ध्यास झामेनहॉफ यांनी शाळकरी वयातच घेतला. पुढे ते डोळ्यांचे डॉक्टर झाले. पण ध्यास सुटला नाही.

१८८७ साली सासऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी वॉर्सा येथे ४० पानांची पुस्तिका छापली. तीत व्याकरणाचे नियम अवघे १६. लेखकाचे टोपणनाव होते 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा. तेच नाव पुढे भाषेला मिळाले. पुस्तिकेसोबत कापून पाठवायच्या चिठ्ठ्या होत्या. एक कोटी लोकांनी असेच वचन दिले, तर मीही ही भाषा शिकेन, असे वचन त्यावर सही करून द्यायचे होते. एक कोटी कुठले! प्रतिसाद आला जेमतेम हजारभरांचा.

दुसरा कुणी खचला असता. झामेनहॉफ यांनी १८८९ साली ही भाषा शिकलेल्या पहिल्या एक हजार जणांची नावे व पत्ते छापून काढले. मला त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शिष्यांनी केवळ गुरूला पत्रे लिहावीत, असा आग्रह त्यांनी धरला नाही. त्यांनी शिकणाऱ्यांचीच एकमेकांशी गाठ घालून दिली. दोघेही शिकाऊ, तेव्हा चुकण्याची लाज कुणी कुणाची बाळगायची?

१९०५ साली फ्रान्समधील बूलोन येथे पहिले जागतिक अधिवेशन भरले. त्याला ६८८ जण आले. निरनिराळ्या देशांतून आलेली ही माणसे समोरासमोर एस्पेरांतो बोलू लागली. भाषेवरचा हक्क झामेनहॉफ यांनी सुरुवातीलाच सोडला होता. १९१२ साली चळवळीचे नेतेपदही सोडले.

१४ एप्रिल १९१७ रोजी, महायुद्ध चालू असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची तिन्ही मुले नाझींच्या अत्याचाराला बळी पडली. धाकटी कन्या लिडिया देशोदेशी जाऊन ही भाषा शिकवीत असे. १९४२ साली ट्रेब्लिंकाच्या छावणीत तिचा अंत झाला. भाषेने वैर मिटेल हे पित्याचे स्वप्न अपुरेच राहिले. भाषा मात्र जगली. आजही ती अनेक देशांत बोलली जाते.

मित्रहो, भाषेच्या तासाला आपण सरांना उत्तरे देतो आणि तास संपला की गप्प होतो. झामेनहॉफ यांना हजार पत्ते जमवायला दोन वर्षे लागली. आपल्याला पत्ता शोधायचीही गरज नाही. शेजारच्या बाकावर बसणाराही तीच भाषा शिकतो आहे.