उन्हात गवत जळालं आणि टेनिसला लाल माती मिळाली

१८६१ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला विल्यम रेनशॉ हा गडी विम्बल्डन ७ वेळा जिंकला, त्यातही १८८१ ते १८८६ सलग ६ वेळा. हिवाळ्यात तो जुळा भाऊ अर्नेस्टसोबत फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या कान शहरात खेळायला जायचा. पण इंग्लंडच्या ओलसर हवेत टिकणारं गवताचं कोर्ट इथल्या उन्हात जळायचं. सांगतात की, १८८० च्या सुमारास या भावांनी शेजारच्या व्हालोरिस गावातल्या कुंभारांची फुटकी भांडी दळून घेतली आणि ती लाल पूड कोर्टावर पसरली. गावच्या हवेला गावचंच उत्तर सापडलं. १९०४ मध्ये विल्यम गेला, वय अवघं ४३. फ्रेंच ओपन मात्र आजही विटांच्या लाल भुकटीवरच रंगते.