इंदूरचं नाव जगभर नेणारा साहेब

इंदूर म्हटलं की आपल्याला पोहे आणि सराफा आठवतो. शेतीच्या जगात मात्र ‘इंदूर पद्धत’ म्हणजे कंपोस्ट खत. ती दिली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी.

१८७३ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायरमध्ये, शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसाच्या कृषी संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी काढलेल्या ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ या गव्हाच्या जाती गाजल्या. पण नुसतं चांगलं बियाणं पुरत नाही, हेही तिथेच उमगलं. आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं औषधाशिवाय निरोगी होती! मग साहेबांनी त्यांनाच गुरू केलं.

१९२४ मध्ये इंदूरला नवी संस्था निघाली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे खड्ड्यात थर लावायचे, ओलावा राखायचा, अधूनमधून वर-खाली करायचं. तीन महिन्यांत खत तयार. या कामात यशवंत वाड सोबत होते. हॉवर्ड यांच्या मते अशा खतावर मातीतली बुरशी जगते, ती मुळांना अन्न पोचवते, आणि नीट पोसलेला गहू सहसा आजारी पडत नाही. रोग म्हणजे माती उपाशी असल्याची खूण.

१९३० मध्ये गॅब्रिएल गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचं पुस्तक आलं आणि हॉवर्ड यांनी भारत सोडला. १९४७ मध्ये ते वारले.

मला भावतं ते एवढंच: पद्धतीला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, आपल्या गावाचं दिलं. गॅब्रिएलचं नाव मात्र आपणच आठवणीने घ्यायला हवं.